थेट जनतेतून निवडून आलेली बाई

तीस वर्षं मी मेहकरच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं आणि तीस वर्षं परीक्षेला एक प्रश्न न चुकता काढला: अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत आणि संसदीय पद्धत यांतला फरक स्पष्ट करा. गुण दहा. बाई हा प्रश्न काढणारच, हे पोरांना जूनमध्येच ठाऊक असायचं. तरी मार्चमध्ये निम्मी पोरं लिहायची की अमेरिका मोठी आहे आणि इंग्लंड लहान आहे. मी तापट आहे, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. असे पेपर तपासताना आमचे हे चहा टेबलावर ठेवून मागच्या मागं सटकायचे.

शेवटी मी पुस्तक मिटून ठेवलं आणि गावाच्या भाषेत शिकवायला लागले. म्हटलं, संसदीय पद्धत म्हणजे आपली ग्रामपंचायत. लोक मेंबर निवडून देतात, मेंबर आपल्यातल्याच एकाला सरपंच करतात, आणि मेंबर रुसले की सरपंच खुर्चीवरून खाली. अमेरिकेत लोक अध्यक्ष वेगळा निवडतात आणि संसद वेगळी. संसद रुसली तरी अध्यक्ष चार वर्षं हलत नाही, आणि अध्यक्ष कितीही चिडला तरी त्याला संसद बरखास्त करता येत नाही. काडीमोड नाही. एका घरात दोन चुली मांडून संसार करायचा.

इथवर पोरांना पटायचं. गाडी अडायची ती पुढं. अमेरिकेत लोकांची मतं थेट अध्यक्षाच्या नावावर मोजून तिथंच निकाल लागत नाही. प्रत्येक राज्याचे ठराविक मतदार-प्रतिनिधी असतात, इलेक्टर म्हणतात त्यांना. बहुतेक राज्यांत ज्याला जास्त मतं, त्याचे सगळे इलेक्टर. मग ते इलेक्टर अध्यक्ष निवडतात. त्यामुळं असंही होतं की देशभरात मतं एकाला जास्त आणि खुर्ची दुसऱ्याला. हे मी फळ्यावर घाम गाळून समजावलं, तेव्हा मागच्या बाकावरचा एक पोट्टा उठला. आमच्याच गावचा होता. म्हणाला, "मॅडम, मंग निवडून आल्यावर त्या इलेक्टर लोकायले ठेवतात कोठी?"

"ठेवतात म्हणजे? आपापल्या घरी असतात ते."

"घरी?" त्याचा विश्वासच बसेना. "अन् कोनी पळवत नाही त्यायले?"

अख्खा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. सगळ्यांच्या मनात तोच प्रश्न होता. कारण आमच्याकडं सरपंचाची निवड म्हणजे आधी सहल. मेंबर निवडून आले की गुलालाचं तोंड धुवायच्या आत त्यांना गाडीत घालून शेगावला नेत. दर्शन, लॉज, दोन वेळचं जेवण, आणि मुख्य म्हणजे सगळ्यांचे फोन गोळा करून एका पिशवीत. पिशवी पॅनलप्रमुखाच्या उशाशी. दुसऱ्या पॅनलनं मेंबर फोडू नये म्हणून ही राखण. थेट मतदानाच्या दिवशी आणून उभं करायचं. माझे थोरले दीर एकदा असे गेले होते. परत आले ते वजन वाढवून आले आणि पुढं दर निवडणुकीला विचारायचे, "यंदा कोठी नेऊन राह्यले?"

मी त्या पोट्ट्याला म्हटलं, "अरे, तिथले इलेक्टर एका ठिकाणी जमतच नाहीत. आपापल्या राज्यात मत देतात." तो खाली बसता बसता म्हणाला, "मंग ते काय मज्जा?" परीक्षेत त्याला दहापैकी चार दिले. आज तो आमचा उपसरपंच आहे.

मी निवृत्त झाले आणि आम्ही गावी राहायला आलो. गाव जानेफळकडं जाताना लागतं. मंगळवारी बाजार भरतो, आजूबाजूच्या पाचपंचवीस खेड्यांचा. शेजारच्या गावची एक वांगीवाली मावशी आहे, तिच्याकडून मी सुट्टीत आले की भाजी घ्यायची. आता दर मंगळवारी भेट व्हायला लागली. एका मंगळवारी तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं आणि कानात म्हणाली, "मॅडम, तुमच्या घरी येऊ का जरा? लय येळ झाला."

माझं घर बाजारापासून गावाच्या दुसऱ्या टोकाला. आम्ही दोघी लगालगा गेलो, लगालगा आलो, तेवढ्यात मोकाट गाईनं तिची मेथी अर्धी फस्त केली होती. मी म्हटलं, "मावशे, एरवी कुठं जाता गं तुम्ही?" तिनं नाल्याकडं हनुवटी उडवली. "तथी. पन दोघी-तिघी मियून जातो. एक जन पाहारा देते." बाजारात त्या दिवशी बायाच बाया होत्या. सकाळी सातला येणार, अंधारात नाल्याकडं जावं लागू नये म्हणून दिवस असतानाच घाईनं उठणार. पुरुषांचं काय, कुठंही भिंत दिसली की भागलं. मला असा संताप आला की काय सांगू! मी तीस वर्षं लोकशाही शिकवली आणि माझ्याच गावच्या बाजारात बाईमाणसाला नाल्यात पहारा ठेवून बसावं लागतं. घरी येऊन मी पिशवी आपटली. आमचे हे म्हणाले, "वांग्यांचा काय दोष?"

योगायोगानं त्याच वर्षी निवडणूक लागली. मधल्या काळात सरकारनं कायदा बदलला होता. सरपंच आता थेट जनतेतून. एकदा तो कायदा फिरवलाही आणि परत आणला, म्हणजे आमच्या गावानं दोन्ही पद्धतींची चव घेतली. मी शिकवत होते तेव्हाची संसदीय ग्रामपंचायत जाऊन आता आमच्या दारात अमेरिका आली होती. त्यात आमची जागा महिलेसाठी राखीव. प्रत्येक पॅनल आपापल्या पुढाऱ्याची बायको उभी करणार, हे ठरलेलंच. मी सरळ जाऊन अर्ज भरला. प्रचारात एकच गोष्ट बोलले: बाजारात बायांसाठी संडास-मुतारी बांधणार. पाणी, दिवा, कडी-कोयंडा सगळं. पुरुष माना खाली घालून ऐकायचे आणि बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. पण बायांनी ऐकलं.

निकाल लागला तेव्हा मीच चक्रावले. सरपंचपदाला गावभर मिळून सगळ्यात जास्त मतं मला. पण मेंबर मात्र अकरापैकी नऊ समोरच्या पॅनलचे, माझ्या बाजूनं उभे राहिलेले फक्त दोन. माझी मतं साऱ्या वॉर्डांत पसरलेली होती. त्यांची मेंबरं आपापल्या वॉर्डात, आपापल्या भावकीच्या जोरावर थोड्या थोड्या फरकानं निघाली. संध्याकाळी ओसरीवर बसून मी आमच्या ह्यांना हिशेब समजावला. म्हटलं, बघा, आपल्याकडं जुनी संसदीय रीत असती तर हे नऊ जण शेगावला जाऊन आले असते आणि मी घरी असते. अमेरिकेची इलेक्टरची रीत असती आणि वॉर्डावर वॉर्ड मोजले असते, तरी मी घरीच. तिसरीच रीत निघाली म्हणून मी सरपंच आहे.

"म्हणजे तू कुठल्याच पुस्तकात नाहीस," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लोक कामं घेऊन आले ते ह्यांच्याकडं. बाई सरपंच म्हणजे नवऱ्यानं कारभार बघायचा, ही आमच्याकडं वहिवाटच. हे हात जोडून म्हणाले, "बाप्पा, मी या घरचा राष्ट्रपती. मान भरपूर, काम काहीच नाही. प्रधानमंत्री आतमधी भाकरी करून राह्यले, त्यायले भेटा." त्या दिवसापासून गाव ह्यांना राष्ट्रपती म्हणतं. हेही खुशाल ओ देतात.

उपसरपंच मेंबरांतूनच निवडतात, त्यामुळं तो त्यांचाच होणार होता. झाला तोच, माझा चार मार्कवाला. पहिल्या सभेला येऊन तो वाकून पाया पडला आणि उठून माझ्या पहिल्याच विषयाला विरोध केला. बाजाराच्या कोपऱ्यातली पंचायतीची मोकळी जागा मी बायांच्या संडासासाठी मागितली होती. त्याला तिथं दुकानांचे गाळे काढायचे होते. त्याचं म्हणणं अगदीच वाईट नव्हतं, ते कबूल केलं पाहिजे. गाळ्यांचं भाडं येईल, गावातल्या दोन पोरांना धंदा मिळेल. पण जागा एकच. मी म्हटलं, गाळे रस्त्याकडेला काढ. तो म्हणाला, गिऱ्हाईक कोपऱ्यावरच थांबतं. हात वर झाले. नऊ विरुद्ध तीन. माझा विषय नामंजूर.

"अरे, लोकांनी मला याच कामासाठी निवडून दिलंय!" मी टेबलावर हात मारला.

"मॅडम, आमालेबी लोकायनंच देलं," तो अगदी गोड आवाजात म्हणाला. "तुमीच तं शिकवलं. अध्यक्षाले संसद रोखते. एकाच्या हाती समदं नाही राहू द्यावं. दहा मार्काचा प्रश्न हाय."

हे उत्तर परीक्षेत लिहायला काय झालं होतं गाढवाला!

मग आमची अमेरिका सुरू झाली. त्यांनी माझा संडास अडवला. मी त्यांचे गाळे अडवले. माझ्याकडं नकाराधिकार नव्हता, पण सही होती, आणि माझ्या सहीशिवाय पैसा हलत नाही. ग्रामसेवकाची गत सासू-सुनेच्या मधल्या नवऱ्यासारखी झाली. तो बिचारा प्रत्येक सभेला गोळी खाऊन यायचा. टीव्हीवर एकदा बातमी आली की अमेरिकेत अध्यक्ष आणि संसद यांचं खर्चाच्या मंजुरीवरून जुळलं नाही आणि सरकारी कचेऱ्या बंद पडल्या. आमच्या गावात कोणालाही नवल वाटलं नाही. त्याच आठवड्यात आमच्या रस्त्यावरचे दिवे बंद होते, कारण दिवे कोणत्या गल्लीत आधी बदलायचे यावर सभा तीनदा उठली होती. पारावरच्या एकानं मला विचारलंसुद्धा, "काऊन मॅडम, तथी बी उपसरपंच असाच हाय काय?"

मी म्हटलं, असाच होता. अगदी सुरुवातीला अमेरिकेत ज्याला दुसऱ्या नंबरची मतं पडायची तो उपाध्यक्ष व्हायचा. म्हणजे ज्याला पाडलं तोच मांडीला मांडी लावून शेजारी. लवकरच त्यांना पश्चात्ताप झाला आणि त्यांनी नियम बदलला. पारावरचा म्हणाला, "शायने हायेत."

आणि दर मंगळवारी मी बाजारात जायची आणि वांगीवाली मावशी माझ्याकडं बघायची. वांगी निवडून निवडून घालायची, वर दोन मिरच्या टाकायची. एकदा फक्त म्हणाली, "होईन मॅडम. घाई नका करू." तिनं धीर द्यावा म्हणजे माझी लाजच की. संसदीय पद्धत असती तर एक काहीतरी झालं असतं: मी पडले असते, नवा सरपंच आला असता, त्याला धरून बसता आलं असतं. इथं मीही हलत नव्हते आणि तेही हलत नव्हते, आणि बाया मात्र नाल्याकडंच जात होत्या.

थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही. दोन वर्षं सरली आणि नऊ सह्यांची नोटीस तहसीलदारांकडं गेली. सभेची तारीख पडली. मला वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? रात्री जेवण गेलं नाही. खुर्चीचं मला काही नव्हतं. पण मी गेले की त्या कोपऱ्यावर गाळे उभे राहणार आणि ती जागा कायमची जाणार.

आणि इथं उपसरपंचानं चूक केली. साधीसुधी नाही, अस्सल आमच्या गावची चूक. त्याच्याकडं नऊ मेंबर पक्के होते. माझ्याकडं फोडाफोडीला ना पैसा, ना अक्कल. तरी जुनी सवय! अविश्वास म्हटला की मेंबर राखायचे, आणि मेंबर राखायचे म्हणजे सहल. नोटीस देऊन तो स्वतःसकट नऊही जणांना गाडीत घालून शेगावला घेऊन गेला. दर्शन झालं, लॉज झाला. तरी तारखेला दिवस उरले, म्हणून तिथून तो सगळ्यांना संग्रामपूरच्या बाजूला आपल्या बहिणीच्या सासरी संत्र्याच्या बागेत घेऊन गेला. फोन रिवाजाप्रमाणं पिशवीत. स्वतःचाही त्यानं पिशवीत टाकला, मेंबरांना भरवसा वाटावा म्हणून.

आता गंमत अशी की त्याच आठवड्यात आमची मासिक सभा होती. त्या सभेची नोटीस आधीच निघालेली, तिच्यावर सगळ्यांच्या सह्या घेतलेल्या. त्यात विषय क्रमांक चार: बाजारात महिलांसाठी शौचालय. दर महिन्याला मी तो घालायची आणि दर महिन्याला ते तो पाडायचे, त्यामुळं तो कोणी वाचतही नव्हतं. सभेच्या दिवशी मी, आमचे दोन मेंबर आणि ग्रामसेवक. बाकी खुर्च्या रिकाम्या. कोरम नाही म्हणून मी नियमाप्रमाणं सभा तहकूब केली आणि नवी तारीख फलकावर लावली. तहकूब सभेला कोरम लागत नाही. हे मी शिकवलेलं नव्हतं. आपल्या अभ्यासक्रमात अमेरिकेचं अख्खं संविधान आहे, पण ग्रामपंचायतीच्या सभेचे नियम नाहीत.

ग्रामसेवक घाबरला. "मॅडम, ते येऊन मले खातीन."

"त्यांना फोन लाव," मी म्हटलं. "माझ्यासमोर लाव. प्रत्येकाला लाव. लपूनछपून काही करायचं नाही."

त्यानं नऊही फोन लावले. नऊही वाजले, पिशवीतल्या पिशवीत. कोणी उचलला नाही. ठरल्या तारखेला आमची तहकूब सभा भरली आणि विषय क्रमांक चार तिघांच्या हातांनी मंजूर झाला. आमच्या दोन मेंबरांतली एक बाई होती. ती हात वर करून तो खाली घ्यायलाच विसरली. मी म्हटलं, "बाई, झालं, घे आता खाली." ती म्हणाली, "राहू द्या जरासाक."

मंडळी परतली ती संत्री खाऊन टवटवीत होऊन. बातमी कळली तेव्हा उपसरपंच तडक माझ्या ओसरीवर. मला वाटलं, भांडेल. तर कपाळाला हात लावून मटकन बसला आणि म्हणाला, "मॅडम, हे कोन्त्या धड्यात व्हतं?" आमच्या ह्यांनी त्याला चहा दिला. तो चहा पिऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी तहसीलदारांसमोर हात वर करून त्यानं माझ्यावरचा अविश्वास मंजूर करवून घेतला. मीही तेच केलं असतं.

पण थेट जनतेतून आलेल्या सरपंचाला मेंबर एकटे काढू शकत नाहीत. ज्यांनी निवडून दिलं त्यांना विचारावं लागतं. विशेष ग्रामसभा, गुप्त मतदान. हे अमेरिकेतही नाही आणि इंग्लंडातही नाही. अमेरिकेत अध्यक्षाला काढायचं तर महाभियोग, आणि तोही संसदेच्या हातात; इंग्लंडात पंतप्रधानाला संसदेनंच उतरवायचं. मधेच उठून लोकांना विचारायचं, हे आमचं. ठराव टिकला तर मी घरी, आणि नवे लोक बसले की पहिल्याच सभेत विषय क्रमांक चार रद्द. गावाला हे सगळं माहीत होतं.

एरवी आमच्या ग्रामसभेला बाया येत नाहीत. त्या दिवशी शाळेचं पटांगण पुरेना. ज्या कधी घराचा उंबरा ओलांडून सभेला आल्या नव्हत्या, त्या लेकरं काखेत घेऊन पहिल्या रांगेत बसल्या. आधी उपसरपंच बोलला. गाळ्यांचं बोलला, विकासाचं बोलला, माझ्या हेकटपणाचं बोलला. हेकटपणाच्या मुद्द्यावर आमच्या ह्यांनी टाळी वाजवली. मग मी उठले. मी भाषण घोकून आणलं होतं. सुरुवातच अशी केली की अमेरिका नावाचा देश जन्मला तो एका भांडणातून. तिथले लोक म्हणाले, आम्ही कर देतो आणि कायदे करणाऱ्या सभेत आमचा माणूस नाही, हे चालणार नाही...

"मॅडम," मागून एक म्हातारी ओरडली, "अमेरिका राहू द्या, संडासाचं सांगा!"

पटांगण खदखदा हसलं. मी हातातला कागद घडी करून ठेवला. म्हटलं, बरं, संडासाचं सांगते. दर मंगळवारी शंभर बाया आपल्या गावात येतात. आपण खातो ती भाजी त्या आणतात. बाजारात बसायची पावती त्या आपल्या पंचायतीला फाडतात. त्यांतल्या एकीलाही आज इथं मत नाही, कारण त्यांची नावं त्यांच्या त्यांच्या गावच्या यादीत आहेत. त्यांच्या वतीनं बोलायला मी एकटी आहे. मला खुशाल काढा, पण त्यांचा विचार करून काढा. एवढं बोलून मी खाली बसले. मला लोकांसमोर रडायचं नव्हतं.

चिठ्ठ्या मोजल्या. ठराव आपटला, आणि चांगल्या मतांनी आपटला. ढोल आणलेलाच होता, दोन्ही बाजूंनी एकच ठरवला होता. जो जिंकेल त्यानं वाजवायचा. गर्दीतून वाट काढत उपसरपंच माझ्याजवळ आला. कानाशी लागून म्हणाला, "मॅडम, आमच्या नऊ जनायच्या घरचीच मतं धरली तरी आकडा जमत नाही. घरातूनच गेम झाला."

"गुप्त मतदान आहे बाबा," मी म्हटलं. "घरी गेल्यावर विचारू नकोस."

"विचारतो कशाले? जेवाचं हाय ना."

त्यानंतर संडासाला उघड विरोध कोणी केला नाही. गाळे रस्त्याकडेला काढायचे ठरले, त्यावर मी सही केली. चार-सहा महिन्यांत बांधकाम झालं. आत फरशी, पाण्याची टाकी, दाराला आतून दोन-दोन कड्या. बाहेरून पिवळा रंग. वाटलं, संपलं एकदाचं. तर नऊ जणांनी पुढच्या सभेत ठराव टाकला: उद्घाटन मोठ्या साहेबांच्या, म्हणजे आमदारांच्या हस्ते व्हावं आणि तोवर इमारत बंद ठेवावी. नऊ विरुद्ध तीन, मंजूर. कुलूप लागलं आणि किल्ली ग्रामसेवकाच्या कपाटात. साहेबांना वेळ मिळेना. आज येतो, उद्या येतो, पुढच्या महिन्यात नक्की. मंगळवारामागून मंगळवार गेले. बाया त्या पिवळ्या भिंतीला वळसा घालून नाल्याकडं जायच्या. माझी तगमग व्हायची. पण ठराव म्हणजे ठराव. मी जन्मभर हेच शिकवलं की खुर्चीवरच्या माणसानं सभेचं ऐकायचं, पटो न पटो. आमचे हे म्हणायचे, "फोड की कुलूप." मी म्हणायची, "मग माझ्यात आणि बाकीच्यांत फरक काय राहिला?" आणि रात्री छताकडं बघत पडायची.

असाच एक मंगळवार. भर दुपारची वेळ, बाजार फुललेला. मी मावशीकडं वांगी घेत होते. तेवढ्यात उपसरपंचाची ती संग्रामपूरकडची बहीण येताना दिसली. बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरत आलेले, चालताना कमरेला हात. बरोबर भाऊ, दोन्ही हातांत पिशव्या. ती मधेच थांबली. चेहरा पांढरा पडला. भावाला काही बोलेना; भावाशी काय बोलणार? तिनं नाल्याकडं पाहिलं, तिथला उतार पाहिला, आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मावशीला ते आधी कळलं. ती तडक उठून पोरीजवळ गेली, तिला धरलं आणि उपसरपंचाकडं बघून तिनं एकच शब्द काढला, "उघड."

"किल्ली..." तो इकडंतिकडं पाहायला लागला. "ग्रामसेवक मीटिंगले गेला बुलढान्याले."

बहीण म्हणाली, "दादा, माह्याच्यानं होत नाही आता."

त्यानं पिशव्या खाली टाकल्या. मावशीच्या तराजूतलं दोन किलोचं लोखंडी वजन उचललं आणि धावत जाऊन कुलपावर घातलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कोयंड्यासकट कुलूप खाली आलं. सगळा बाजार बघत उभा. त्यानं घामेजला चेहरा माझ्याकडं वळवला. "मॅडम, ठराव मोडला मी. करा काय करता ते."

मी काहीच केलं नाही. मावशी पोरीला धरून आत गेली, आतून कडी लागल्याचा आवाज आला. तेवढा आवाज ऐकून मला हुंदकाच आला, भर बाजारात, सगळ्यांसमोर. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी फीत कापली नव्हती, पण दारासमोर बायांची रांग लागली. कांदेवाली, मिरचीवाली, बांगड्यांवाली, पोरींचे हात धरून आलेल्या आया. कोणी कोणाकडं बघून लाजत नव्हतं. बहीण बाहेर आली, तोंडावर पाणी मारलेलं, रंग परत आलेला, आणि भावाला म्हणाली, "चाल, संत्री घ्याची राह्यली."

पण भावाला कुठं जाता येत होतं? मावशी आतूनच ओरडली होती, "माह्या वांग्याईकडे पाह्य रे, गाय येईन!" उपसरपंच वांग्यांपुढं उकिडवा बसला होता, हातात तेच वजन. एक गिऱ्हाईक भाव विचारून राहिलं होतं आणि त्याला भाव माहीत नव्हता. मावशी पदराला हात पुसत आली ती सावकाश आली, बाजारात एरवी बाया चालतात तशी घाईत नाही. त्याच्या हातातून वजन घेऊन तिनं तराजूत ठेवलं आणि मला म्हणाली, "मॅडम, आज अंधार पडेपर्यंत बसतो मी. काई घाई नाही."